भिजलेली वात

त्या दिवशी बारा बॉम्बांपैकी दोनच पेटले, आणि मेजर पेलम म्हणाले, "तुझे हात ओले असतील, कॉर्पोरल."

"माझे एकट्याचे कुठले, साहेब," कड्डी म्हणाला. "सगळं फ्रान्सच ओलं आहे."

आम्ही मागे रांगेत उभे होतो. हसायची सोय नव्हती, पण माझ्या शेजारी निक स्टॉब्ज उभा होता आणि त्याचा खांदा गदगदा हलतोय हे मला कळत होतं.

१९१५ चा सप्टेंबर. आमची पलटण इंग्लंडमधल्या डरहॅमची, म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं कोळशाच्या खाणीतली. आणि आम्हाला आणून टाकलं होतं तेही उत्तर फ्रान्समधल्या खाणींच्याच मुलखात. जर्मनांच्या खंदकांमागे खाणीतून माणसं आणि कोळसा वर ओढणारं चाक दिसायचं आणि डाव्या हाताला खाणीतून उपसलेल्या मातीचा काळा डोंगर. "घर सोडून एवढ्या लांब आलो, ते पुन्हा ढिगाऱ्यापाशीच," असं निक रोज सकाळी एकदा तरी म्हणायचा.

कड्डीचं खरं नाव कथबर्ट हेस्लॉप. आमच्याकडे कथबर्टला लाडाने कड्डी म्हणतात, आणि गाढवालाही कड्डीच म्हणतात. खाणीचा मॅनेजर म्हणायचा की या माणसाला दोन्ही अर्थांनी शोभतं. ठेंगणा, रुंद, चौतीस वर्षांचा. डाव्या गालात सुरुंगाच्या दारूचे निळे कण कायमचे रुतलेले. खाणीत तो सुरुंग लावायचा, म्हणून पलटणीत त्याला बॉम्ब फेकणाऱ्या तुकडीचा कॉर्पोरल केलं होतं. त्याच्या हाताखाली आम्ही बारा जण.

आमचा बॉम्ब म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा बिडाचा गोळा. वर वात, आणि वातीच्या टोकाला काडेपेटीच्या काडीला असतो तसा गुल. दंडावर एक पट्टी बांधायची, तिला काडेपेटीच्या कडेसारखा खरखरीत मसाला लावलेला. गुल पट्टीवर घासायचा, वात सुरसुरली की फेकायचा. पाच सेकंद मिळतात. ऊन असलं की काम चोख. पण पट्टी भिजली की संपलं. घासत बसा.

"पुन्हा दाखवतो, साहेब," कड्डी म्हणाला. रिमझिम चालूच होती. "की तुम्हीच एक पेटवून बघता?"

मेजरांचा चेहरा लाल झाला. ते ब्रिगेडकडून आले होते. सगळ्या पलटणींच्या बॉम्बांची व्यवस्था त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात एका पायाने अधू झालेला, तरी दिवसभर चिखलातून पलटणी बघत हिंडायचा.

"हल्ल्याच्या दिवशी पाऊस असेलच असं तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नसेलच असं तुम्हाला कोणी सांगितलं, साहेब?"

आमचे लेफ्टनंट ऑर्ड घाईने मध्ये पडले आणि तुकडीला माघारी नेण्याचा हुकूम दिला. नाहीतर कड्डीच्या बाहीवरच्या कॉर्पोरलच्या फिती तिथेच गेल्या असत्या.

आमचा मुक्काम ओदील वासर नावाच्या विधवेच्या गोठ्यात होता. तिचा नवरा खाणीत सुरुंग लावायचा आणि खाणीतच गेला. ती पलटणीतल्या लोकांना कॉफी आणि तळलेले बटाटे करून द्यायची. तिला इंग्रजी यायचं नाही, कड्डीला फ्रेंच यायचं नाही, पण दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. हाताने कोळशाचा थर दाखवायचा, छताला टेकू कसा देतात ते दाखवायचं. मला तोडकंमोडकं फ्रेंच येत होतं. पण त्यांना माझी गरज फारशी पडत नसे.

त्या दुपारी कड्डीने तिच्या टेबलावर तीन बॉम्ब मांडले. तिन्ही रिकामे केलेले. एक आमचा गोळा. एक जर्मन, लाकडी दांड्याचा, बटाटे कुटायच्या दांडक्यासारखा. दांड्याच्या बुडातून दोरी येते, तिला हिसका दिला की आतल्या आत पेटतो. तिसरा फ्रेंच. त्यांच्या मनगटाला कातडी पट्टा, पट्ट्याला आकडा. फेकता फेकताच हिसका बसतो आणि काम होतं.

"बघ राल्फ," तो मला म्हणाला. "याला पाऊस माहीत नाही. यालाही नाही. आणि हा आमचा, वादळात पाईप पेटवल्यासारखा."

"नवे येतायत म्हणे," निक म्हणाला. "पिन काढायची आणि फेकायचा. काडी नाही, वात नाही."

"येतायत. एका पलटणीला एक पेटी. ती पेटी पुजायला ठेवायची का?"

मादाम वासरने आमचा गोळा उचलला, गुलावर नख घासलं आणि दंडावरची पट्टी बघून खो खो हसली. काय म्हणाली ते मी सांगितलं: "तुमचा राजा शिपायांना काडेपेटी देऊन लढायला पाठवतो?"

कड्डी हसला नाही. तो भिंतीवरच्या खुंटीकडे बघत होता. तिथे तिच्या नवऱ्याची पेटवणी लटकत होती: चकमकीची चकती आणि तिच्यातून जाणारी बोटभर जाड पिवळी दोरी. ही दोरी ज्योतीने पेटत नाही, नुसती धुमसते. वारा आला की विझण्याऐवजी जास्त फुलते. आमच्या खाणीतही सुरुंगवाले असलीच दोरी वापरायचे.

त्याने बोटाने दोरी दाखवली, मग वात दाखवली, मग चाकूने गुल छाटायची खूण केली. मादामला एका शब्दाची गरज पडली नाही. ती आत गेली आणि त्या दोरीची दोन भेंडोळी घेऊन आली.

"गुल उडवायचा," कड्डी म्हणाला. "वातीचं तोंड उघडं करायचं, दारू दिसली पाहिजे. दोरीचा निखारा टेकवायचा. पावसाच्या बापालाही विझवता येणार नाही."

"आणि वात तोकडी झाली तर?" मी विचारलं.

"म्हणून तर मी शिकवणार आहे. फक्त गुल. गव्हाच्या दाण्याएवढं खाली, त्यापलीकडे एक केसही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही बारा जण गोठ्यात बसून कापत होतो. कड्डी प्रत्येक बॉम्ब हातात घेऊन बघायचा, दोनदा त्याने निकचं काम परत केलं. "तू गुलाब छाटतोयस का रे? खोल जातोयस." दुपारपर्यंत एकशे ऐंशी झाले.

मग दारात काठी वाजली. मेजर पेलम.

त्यांनी एक बॉम्ब उचलला. वातीचं छाटलेलं टोक बघितलं. मग म्हणाले, "हे कोणी सांगितलं?"

"मी," कड्डी उभा राहिला. "हात त्यांचे, हुकूम माझा."

"तुला कळतं तू काय केलंस? ही वात कारखान्यात मोजून कापलेली असते. आता ती चार सेकंद जळेल की दोन, कोण सांगणार? तू?"

"हो साहेब, मी. अकरा वर्षं तेच सांगतोय."

"माणसांच्या हातात फुटतील हे."

"न पेटलेला बॉम्ब हातात घेऊनही माणसं मरतात, साहेब. तुमच्या कागदावर ते वेगळं लिहितात एवढंच."

"सरकारी दारूगोळ्याची नासधूस," मेजर म्हणाले. "वरिष्ठांचा अवमान. आजपासून तू कैदेत. हल्ला झाला की कोर्ट मार्शल. लेफ्टनंट ऑर्ड, याच्या फिती काढा. आणि हे सगळे बॉम्ब कोठारात परत पाठवा, नवे मागवा."

फिती ऑर्डसाहेबांनी काढल्या. चाकू निकचाच घेतला. कड्डी हात पुढे करून उभा राहिला, जणू दंडाचं माप घेतायत.

कड्डी इतका ताठ का राहायचा हे गावाकडे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी खाणीत त्याच्या हातून ओल्या वातीचा सुरुंग लावला गेला होता. तो नको म्हणाला होता. मॅनेजरने वेळ जातोय म्हणून दटावलं, आणि कड्डीने ऐकलं. वात धुमसत राहिली, सगळ्यांना वाटलं विझली. त्याचा जोडीदार आयझॅक बघायला पुढे गेला. नंतर मॅनेजरने कागदावर लिहिलं की आयझॅकने घाई केली. कड्डी हे कधी बोलायचा नाही. पण त्यानंतर कोणीही वेळ जातोय म्हटलं की तो जागचा हलायचा नाही.

मेजर गेल्यावर ऑर्डसाहेब गोठ्यात आले. तेवीस वर्षांचे, वकिलाचे चिरंजीव, मिशी अजून नीट न उगवलेली. त्यांनी बॉम्बांच्या पेट्यांकडे बघितलं.

"मेजरसाहेबांनी हे परत पाठवायला सांगितलंय," ते म्हणाले. "कोणत्या तारखेला ते मात्र सांगितलं नाही. रस्ते फार खराब आहेत. पुढच्या आठवड्यात बघू." आणि थांबून, "ती दोरी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, साहेब," मी म्हणालो.

"जपून ठेव."

शनिवारी सकाळी हल्ला झाला, आणि पाऊस होता.

कड्डी मागे, मादाम वासरच्या कोळशाच्या खोलीत. पहाऱ्याला अँब्रोज टुलिप, पलटणीतला सर्वांत म्हातारा शिपाई; गुडघे गेलेले, म्हणून त्याला मागे ठेवलेलं. पुढचं मला टुलिपनेच सांगितलं.

नऊच्या सुमाराला जखमी परत येऊ लागले. शेजारच्या कंपनीतला एक जण रस्त्याकडेला बसला. त्याची दंडावरची पट्टी घासून घासून फाटली होती आणि खालचा दंड सोलवटला होता. "एकसुद्धा पेटला नाही," तो म्हणत होता. "ते समोरून दांडके फेकतायत, आणि आम्ही उभे राहून काड्या ओढतोय. टाकून दिले सगळे. खंदकभर पडलेत."

कड्डी उठला आणि टोपी घातली.

"कुठे चाललास?" टुलिप म्हणाला.

"कामावर."

"अरे, मला हुकूम आहे तुझ्यावर नजर ठेवायचा!"

"मग ठेव की. चालता चालता ठेव."

टुलिप म्हणतो, मी क्षणभर विचार केला, बंदूक खांद्याला अडकवली आणि निघालो. हुकूम नजर ठेवायचा होता. खोलीत ठेवायचा असं कोणी बोललं नव्हतं.

आम्ही तोवर जर्मनांच्या दुसऱ्या खंदकात शिरलो होतो. खंदक सरळ नसतो, दर काही पावलांवर वळतो. वळणापलीकडे बॉम्ब टाकायचा, फुटला की पळत जाऊन वळण घ्यायचं. गळ्यात भोकं पाडलेला टिनचा डबा, त्यात धुमसणारी पिवळी दोरी. निखारा टेकवला की वात सुरसुरायची. दहा वेळा टेकवला की दहा वेळा. पाऊस टोपीवरून गळत होता आणि आम्ही एकामागून एक फेकत होतो. पाच वळणं घेतली. सहाव्या वळणावर त्यांनी मातीची पोती रचून वाट बंद केली होती. तिथे आम्हीही पोती रचली. मध्ये वीस पावलं.

अकराच्या सुमाराला आमच्याकडे चौदा बॉम्ब उरले. बारापैकी सात माणसं. ऑर्डसाहेबांचा एक कान फाटलेला. ते मला विचारत होते की मागून काही येतंय का, आणि तेवढ्यात वळणावरून कड्डी आला. पाठीवर पोतं, मागे टुलिप, त्याच्याही पाठीवर पोतं.

"तू कैदेत आहेस, हेस्लॉप," ऑर्डसाहेब म्हणाले.

"हो साहेब. पहारेकरी बरोबर आणलाय."

पोत्यांतून त्याने गोळे ओतले. शेजारच्या कंपनीने टाकून दिलेले, येताना खंदकातून वेचलेले. नव्वदेक असतील, सगळे गुलासकट.

"चाकू काढा," तो म्हणाला. "दाण्याएवढं. घाई नाही."

पण घाई होती. समोरून दांडके येत होते; एक पोत्यांच्या अलीकडे पडला, तो टुलिपने पायाने ढकलून खड्ड्यात घातला. आम्ही तिघे कापत होतो, बाकीचे फेकत होते. कड्डी आधीसारखा प्रत्येक बॉम्ब हातात घेऊन बघू शकत नव्हता. तोही फेकत होता.

निकने एक कापला आणि स्वतःच पेटवला. वात सुरसुरली. त्याने हात मागे नेला आणि तिथेच आवाज झाला.

धूर गेला तेव्हा निक खाली बसलेला होता आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. मनगटापासून पुढे काही नव्हतं. एक तुकडा माझ्या मांडीत घुसला होता, पण ते मला नंतर कळलं. कड्डी गुडघ्यावर बसला, स्वतःचा पट्टा काढून निकच्या दंडाला आवळला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, निळे कण तेवढे दिसत होते.

"खोल गेलं," निक म्हणाला.

"बोलू नकोस."

"तू दोनदा सांगितलं होतंस."

"गप्प बस, लेका, गप्प बस."

मग कड्डी उठला, उरलेले बॉम्ब स्वतःपुढे ओढून घेतले आणि म्हणाला, "यापुढे एकटा मी कापणार. राल्फ, तू बसल्या जागी नुसते कापलेले मोजत राहा. माझा हात थरथरला तर सांग."

मी मोजत राहिलो. त्याचा हात थरथरला नाही. दुपारी तीनला दुसऱ्या पलटणीची माणसं येईपर्यंत ते वळण आमच्याकडेच होतं. शेजारच्या कंपनीने घेतलेला भाग सगळा पुन्हा जर्मनांकडे गेला होता. दोन्ही बाजूंनी तुटलेला, साठ पावलांचा तेवढा एक खंदक आम्ही त्या माणसांच्या ताब्यात दिला.

मला आणि निकला समुद्रकाठच्या इस्पितळात नेलं. शेजारशेजारच्या खाटा. दहा दिवसांनी टुलिप भेटायला आला, आणि चौकशी झाली ती त्याने सांगितली.

कर्नलसाहेबांनी कड्डीला विचारलं होतं, केलंस त्याचा पस्तावा आहे का?

"निकच्या हाताचा आहे, साहेब," कड्डी म्हणाला. "मरेपर्यंत राहील. मेजरसाहेब म्हणाले होते हातात फुटेल, आणि फुटला. ते खरे ठरले. पण उद्या मला तोच बॉम्ब दिलात आणि पाऊस असला, तर मी पुन्हा कापेन. आणि परवाही."

"एवढंच म्हण की चूक झाली," कर्नलसाहेब म्हणाले. "मी हे इथेच मिटवतो."

"चूक झाली ती बॉम्ब बनवणाऱ्याची, साहेब. ती मी कशी कबूल करू?"

त्यानंतर दोन दिवसांनी मेजर पेलम स्वतः इस्पितळात आले. बरोबर कारकून आणि कागद. निकसाठी त्यांनी सिगारेटचं पाकीट आणलं होतं आणि एक सिगारेट स्वतः पेटवून त्याच्या ओठात दिली. मग खाटेच्या कडेला बसून कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की कॉर्पोरल हेस्लॉपने हुकमाविरुद्ध वाती कापायला लावल्या, त्यामुळे शिपाई स्टॉब्जचा हात गेला.

"यात काही खोटं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," निक म्हणाला.

"मग सही कर."

"डाव्या हाताने सही येत नाही मला."

"अंगठा चालेल."

निकने सिगारेट ओठातून काढली. "साहेब, शेजारच्या कंपनीत माझा चुलतभाऊ होता. हातात पेटणारा बॉम्ब नव्हता म्हणून गेला. त्याचा कागद कुठे आहे? तो आणा, त्याच्यावर मी अंगठा करतो. मग याच्यावर करतो."

कारकून खिडकीकडे बघू लागला. "तुझा मित्र तुझा हात घेऊन गेला," मेजर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"कापला मी, साहेब. खोल गेलो मी. ते माझं आहे, कड्डीच्या नावावर कशाला करता?"

मेजरांनी कागदाची घडी केली. सिगारेटचं पाकीट तिथेच ठेवलं आणि काठी टेकत गेले. कोर्ट मार्शल झालं नाही. जबाबाशिवाय ते उभं राहिलं नसतं, आणि ऑर्डसाहेबांनी लिहून दिलं होतं की ते बॉम्ब कोठारात परत न पाठवण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

फिती मात्र कड्डीला परत मिळाल्या नाहीत. थंडीत पिनचे नवे बॉम्ब पेट्यांनी येऊ लागले, तेव्हा कर्नलसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की दोन ओळींचं माफीपत्र लिही आणि सार्जंट हो. तो म्हणाला, लिहिता येत नाही. येत होतं चांगलं. युद्ध संपेपर्यंत तो साधा शिपाई राहिला आणि नव्या माणसांना बॉम्ब फेकायला शिकवत राहिला. शेजारी एखादा सार्जंट नुसता उभा असायचा.

१९१९ च्या वसंतात आम्ही खाणीत परतलो. निकने मॅनेजरकडे काम मागितलं. मॅनेजर म्हणाला, एका हाताच्या माणसाला मी खाणीत कुठे घालू? निक घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्डी खाणीच्या तोंडाशी, माणसांना खाली नेणाऱ्या पाळण्याजवळ गेला आणि दिवा हातात घेऊन खाली बसला. निकला काम मिळेपर्यंत खाली उतरणार नाही म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो. टुलिप खाणीतला नव्हताच, तरी तोही येऊन बसला. पाळीची शंभर माणसं आली, एकेक करून बसली. मॅनेजर आला, म्हणाला, वेळ जातोय.

"जाऊ द्या," कड्डी म्हणाला.

तीन दिवस चाक फिरलं नाही. चौथ्या दिवशी निकला दिवेखोलीत काम मिळालं: सकाळी माणसांना दिवे द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. आम्ही खिडकीपुढे रांग लावली. निक डाव्या हाताने एकेक दिवा पुढे सरकवत होता, आणि तीन दिवस बसून बसून आळशी झालात, जरा पाय उचला, म्हणून एकेकाला शिव्या घालत होता.